गुलाबरावजींच्या कमानी

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. गुलाबरावजींच्या मोटारीत मी जवसाचं तेल भरलं होतं. समजून-उमजून भरलं, आणि वर खरं तेल भरलं म्हणून सांगितलं.

पण आधी गुलाबरावजी सांगायला हवेत; नाहीतर तेलाचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल.

पन्नास-बावन्नच्या सुमाराला मालेगावात मोटारी मोजून दोन-तीन. त्यांतली एक शर्यतीची, ती गुलाबरावजींची. जिनिंगच्या गोऱ्या मॅनेजरानं विलायतेला जाताना विकलेली. हिरवी, बिनटपाची, दोनच माणसांची, सडकेला पोट घासेल इतकी बुटकी. आवाज वाघाचा. आणि चाल? वाशीमच्या सडकेवर कापसाच्या बंड्या तिला मागे टाकून जात. गाडीवान मुद्दाम बैल आवरून विचारत, "मालक, दोर बांधू काय? ओढत नेतो."

गुलाबरावजी मान वर करत नसत. त्यांची एक नजर सडकेवर आणि दुसरी शेजारच्या सीटवर. तिथे काठोकाठ ताक भरलेला पितळी गडवा. थेंब उडाला की "सांडलं!" असं ओरडून ब्रेक. मग उतरून खड्डा न्याहाळायचा, वहीत टिपायचा, उरलेलं ताक पिऊन टाकायचं आणि पायाशी ठेवलेल्या मडक्यातून गडवा पुन्हा भरायचा. वाशीम येईपर्यंत माणसाच्या पोटात सहा-सात गडवे ताक. शेताच्या दाव्याच्या तारखेला कोर्टात त्यांच्या नावाचा पुकारा व्हायचा तेव्हा ते बाकावर घोरत असायचे.

मी तेव्हा तिशीतला. स्टँडजवळ पंप-इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. हा प्रकार प्रथम पाहिला तेव्हा माझा पाना हातातून गळाला. न राहवून म्हटलं, "मालक, ही गाडी साठ मैलानं पळते."

"पळून कुठी जाते? मालेगावलेच येते ना वापस?"

मी पाना उचलला आणि कामाला लागलो.

पुढे वहीतले खड्डे पाठ झाले, आणि त्यांनी निकाल दिला, "मिस्त्री, सडकेचा कसूर नाही. कमानी मेल्या." खरं होतं. चाकांवर धक्के झेलणाऱ्या कमानींचे पोलादी पाटे थकले होते, आणि कमानीची उडी आवरणारे शॉकअप, म्हणजे तेलाचे लहान डबे, चारही गळत होते. मुंबईच्या दुकानाशी पत्रं सुरू झाली. दुकानदारानं विचारलं, किती वेगासाठी कमानी हव्यात? यांनी लिहिलं, "बैल चालतो तेवढ्या." त्यानं घाबरून उलट टपाली कळवलं, साहेब, ही शर्यतीची गाडी आहे. यांचं उत्तर मीच पेटीत टाकलं: "शर्यतीच्या पटावर पळणारा बैलही घरी सावकाशच चालतो. नरम पाठवा."

तीन तऱ्हेच्या कमानी आल्या. शॉकअप आले. तेलाचा एक सीलबंद डबा आला. मग महिना-दोन महिने निवड. मी एक जोड बसवायचा, गुलाबरावजी गाडीत ज्वारीचं पोतं ठेवायचे, गडवा ठेवायचे, वेशीपर्यंत जाऊन यायचे. "कडक हाये." दुसरा जोड. "हा झोके देते. झोकेही नाही चालत." आणि दर वेळी पोत्यातून ओंजळभर ज्वारी काढून घ्यायचे. सव्वा मणाचं पोतं उतरत उतरत मणावर आलं. मला वाटलं, माणूस कंजूष, वरची धूळ लागलेली ज्वारी काढून घेतो.

एकदा हसत विचारलं, "मालक, ज्वारी काहून काढता? कोंबड्याइले टाकता काय?"

ते गाठ मारता मारता म्हणाले, "ते कमी होऊन राह्यली ना बाप्पा."

कोण, हे विचारायची गरज नव्हती. यमुनावहिनी, त्यांची बायको. बंडीतून पडून कमरेचा मणका गेला, तेव्हापासून बाजेवर, दिवसेंदिवस वाळत चाललेली. माहेर अनसिंगला. भाऊ भेटून जायचा, पण तिला माहेरचं अंगण एकदा पाहायचं होतं. बंडीत बसवलं की वेशीतच किंचाळायची. मोटारबसचं तर नावच नको. दोन वर्षं सगळा गाव ज्या गडव्याला हसत होता, तो गडवा म्हणजे तिची पाठ होती.

अखेर मधला जोड पसंत पडला. नवे शॉकअप बसवून तेल भरायचं माझ्यावर सोडून ते घरी सांगायला गेले. आणि माझ्या धक्क्यानं उघडलेला डबा कलंडला, सगळं तेल मातीत गेलं. मुंबईहून दुसरा यायला पंधरा-वीस दिवस. मला सांगायची लाज वाटली. दुकानात जवसाचं तेल होतं. तसंच पातळ, तसंच पिवळं. भरलं. संध्याकाळी गुलाबरावजी गाडी घेऊन पार पुढच्या नाल्यापर्यंत जाऊन आले. थेंब सांडला नव्हता. त्यांनी मला भर स्टँडवर मिठी मारली.

मग वहिनींना ताप आला. वैद्य म्हणाले, महिनाभर हलवू नका. गुलाबरावजींनी गाडी गोठ्यात उभी केली, वर सतरंजी टाकली. "नव्या कमानी तिच्यासाठी हायेत. आपून कायले झिजवा?" भर वैशाखात ती महिनाभर तशीच उभी राहिली.

आमच्याकडे बंडीच्या लाकडाला जवसाचं तेल लावतात, ते वाळून कडक होतं म्हणून. हे मला न कळण्याइतका मी लहान नव्हतो. मी आठवू दिलं नाही, इतकंच.

निघायच्या दिवशी शेजारच्या दोघींनी वहिनींना उचलून गादीवर बसवलं. नवं लुगडं, केसांत मोगरा. म्हणाल्या, "हळू घ्या बरं. नाहीतर पटातल्या बैलासारखे निघसान." गुलाबरावजी लाजले. अख्खा स्टँड बघत होता. पहिल्याच नाल्याच्या उताराला गाडी दगडासारखी आदळली. वहिनींची किंकाळी दुकानात ऐकू आली.

गाडी ढकलतच परत आणली. मी शॉकअप उघडले. आत गुळाच्या पाकासारखा चिकट गोळा, बारीक भोकं सगळी बुजलेली. मी ते रॉकेलनं धुतले आणि पुसून ठेवले.

गुलाबरावजी दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता विचारतील. ते म्हणाले, "तुही चूक नाही, मिस्त्री. मीच निवड चुकलो. मधला जोड घेऊन बसलो, तो कडक निघाला."

पाऊस लागायच्या आत वहिनी गेल्या. अनसिंग राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर जो भेटायला येई त्याला ते हेच सांगत: माही निवड चुकली. आजही सांगतात. नव्या सुनेला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. मी समोर असलो की माझ्याकडे बघून मान हलवतात, जणू मी त्यांचा साक्षीदार. मीही मान हलवतो. इतकी वर्षं हलवतो आहे.

हे छापून येईल. त्यांना आता दिसत नाही, कोणी वाचून दाखवील याचा भरवसा नाही. दाखवलं तरी ते कागदानं सांगितलेलं होईल. त्यांची निवड बरोबर होती, हे त्यांच्या समोर बसून, माझ्या तोंडानं सांगणं, एवढं देणं मी त्यांना लागतो. ते अजून दिलेलं नाही.