मुका दुभाषी

निवृत्त माणसानं बागेत झारी घेऊन फिरावं असं सांगणाऱ्यांची मला कीव येते. मी लिनक्स या कॉम्प्युटर-प्रणालीसाठी सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधतो! तीही फुकट, जगावर उपकार म्हणून.

डेटाबेस म्हणजे कोठीवरचा हेकट कारकून. त्याला स्वतःची एकच भाषा कळते. दुसऱ्या भाषेत हुकूम सोडायचा तर मध्ये दुभाषी लागतो. असले दुभाषी गाठोड्यात बांधायचे, 'सोबत अमुकतमुक लागेल' असं वर लिहायचं आणि लोकांच्या कॉम्प्युटरवर धाडायचे, हे माझं काम.

"आधीचं काहीच न भरलेल्या, कोऱ्या मशीनवर तपासलंत ना?" आमच्या गटप्रमुख बाईंनी फोनवर विचारलं.

"बाई, कोरं मशीन कोऱ्या डोक्यांना लागतं. माझ्याकडे फक्कड चालतंय!"

पॅकेज सुटलं. पाठोपाठ 'चिमटा' असं टोपणनाव घेतलेल्या कुणा दीडशहाण्याची तक्रार आली, 'अपडेट केल्यापासून दुभाषी मुका झालाय. सगळं काम अडलंय.'

हे वापरणारे लोक! फुकटचं खायचं आणि वर मीठ कमी म्हणायचं! मी एका ओळीत उत्तर ठोकलं, 'माझ्याकडे चालतं.' तक्रार बंद केली आणि जेवताना बायकोला हा पराक्रम रंगवून सांगितला.

देवाला काही पॅकेजं बांधायची नसल्यामुळे त्याला भरपूर वेळ असतो. त्याच रात्री माझी दाढ ठणकायला लागली. सकाळी गाल पावासारखा फुगला! मेहुणी दातांची डॉक्टर. मोबाइलवर वेळ मिळाली, दहाची. बायकोला घेऊन पोचलो, तर दवाखान्यात मुंगीला शिरायला जागा नाही. सगळे गाल धरून उभे.

"माझी दहाची वेळ आहे," मी ऐटीत म्हणालो.

"आमची काय बाराची आहे?" अख्खी खोली कण्हली.

दुपार टळल्यावर खुर्ची मिळाली. मेहुणीचे केस विस्कटलेले, डोळे लाल.

"भाऊजी, काय सांगू! रोग्यांच्या वेळा आमचा डेटाबेस ठरवतो. कुणीतरी दुभाषी पाठवला आणि त्याला कुठली भाषा लागते तेच वर लिहिलं नाही! मशीनला वाटलं, ती भाषा कुणाला नकोच. अपडेटमध्ये झाडून फेकून दिली. आता सगळ्यांना एकच वेळ, दहा! मी 'चिमटा' नावानं तक्रार केली, तर तो शहाणा म्हणतो कसा..."

"'माझ्याकडे चालतं'!" बायको उत्साहानं ओरडली. "अगं, हे यांनीच लिहिलंय! रात्री किती हसले!"

खोलीत फक्त माझी दाढ ठणकत होती.

"अस्सं," मेहुणी गोड आवाजात म्हणाली. "आ करा. ही दाढ का?"

"हो गं! जीव जातोय!"

तिनं स्वतःच्या दाढेवर बोट आपटून पाहिलं. एकदा. दोनदा.

"माझी तर दुखत नाही, भाऊजी."

आणि माझ्या गळ्यातला रुमाल सोडत दाराकडे हाक मारली, "चला, पुढचे!"