रोज पडणारी भिंत

नेरे गावातले आमचे घरमालक बबनअण्णा दिवसभर एक भिंत बांधून घ्यायचे आणि संध्याकाळी ती पाडायचे. नोकरीसाठी लातूरहून येऊन मी त्यांची खोली भाड्यानं घेतली, त्याच संध्याकाळी शेजारच्या गोठ्यातून धडाधड आवाज आला. घर पडतंय असं वाटून मी बॅग घेऊन अंगणात पळालो.

गोठ्यात आता म्हशी नाहीत, अण्णांचा गवंडीकामाचा फुकट वर्ग आहे. त्यांना एकच घोर. "इमारती लई उठत्यात, पन बांदनारी मानसं कुटं हायेत?" विटा चिखलात रचायच्या, म्हणजे संध्याकाळी सुट्या करून पुन्हा वापरता येतात. भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा कायम खिशात. कोळवणच्या एका लग्नात त्यांनी तो नवरा-नवरीच्या मागच्या कमानीला लावला. कमान कललेली निघाली. अक्षता पडेपर्यंत अण्णा ती धरून उभे होते. सगळ्या फोटोंत आहेत.

रोजच्या पाडापाडीला कंटाळून शिकणारे गळाले. उरली एकटी सविता. वर्षानुवर्षं बांधकामावर घमेली वाहिलेली, आता गवंडी व्हायचं म्हणून हजेरी बुडवून येणारी. गेल्या आठवड्यात तिच्या साइटचे इंजिनिअर तिचं काम बघायला येणार होते. पसंत पडलं तर गवंडी म्हणून घेणार, नाहीतर पुन्हा घमेलं.

अण्णांची सकाळपासून घालमेल. "ती गेल्यावं हितं कोन येनार?" मलाच विचारत होते. त्यांच्या हातात हातोडा होता, त्यामुळे मी जरा लांबूनच ऐकत होतो. त्या दिवशी त्यांनी सविताला चिखलाऐवजी सिमेंटचा माल कालवायला लावला.

इंजिनिअर आले. सविताच्या भिंतीला ओळंबा अण्णांनीच सोडला आणि दोरीकडे नुसते बघत राहिले. सविताचा चेहरा उतरला.

"अण्णा, चुकलं का काय?"

"न्हाई. ओळंब्यात हाय." मग इंजिनिअरकडे वळून म्हणाले, "न्या हिला."

ती पाया पडली. अण्णांनी तिला थापी धुवून ठेवायला सांगितली.

त्या संध्याकाळी धडाधड ऐकू आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. मला काळजी वाटली, म्हणून गोठ्यात गेलो. अण्णा एकटेच भिंतीवर पाणी मारत होते.

"अण्णा, पाडली नाही?"

"शिमिटाची हाय. रोज पानी माराया लागतंय," ते मागे न बघता म्हणाले. "कुनीतरी यायला पायजेच की हितं."

मी दुसरी बादली नळाखाली लावली.