चाळीस जणांचे दोन पाय

आरोग्य केंद्राच्या सिस्टरकडे एका सोमवारी चाळीस पाऊलमापक यंत्रं दाखल झाली. बीपीच्या चाळीस पेशंटांनी ती घोट्याला बांधून रोज आठ हजार पावलं चालायची आणि आकडे थेट मुख्य कार्यालयाच्या संगणकावर उमटायचे, असा कार्यक्रम होता. उद्दिष्ट हुकलं तर केंद्राच्या गोळ्या बंद, अशी परिपत्रकाला तळटीप होती. सिस्टरला ती तळटीपच झोंबली. यादीत पहिलं नाव तिच्या सासूबाईंचं होतं आणि गोळी चुकली की त्यांचं बीपी एकशे ऐंशीवर जायचं.

पहिल्या आठवड्यात कुणाचंच घोडं पुढे सरकेना. अपवाद यादीतल्याच एकाचा, केंद्रासमोरच्या शिंप्याचा. तो दिवसभर स्टुलावरून हलत नसे आणि त्याची पावलं रोज बावीस हजार भरत, कारण त्याचं मशीन पायाने चालायचं.

"अरे बाबा, तुझे पाय हलतायतच," सासूबाई त्याला म्हणाल्या, "तर माझंही जरा चालून दे."

"द्या की मावशी. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. सगळ्यांना चालवतो."

दोन दिवसांत त्याचे पाय गुडघ्यापर्यंत यंत्रांनी भरले. सिस्टरने ते पाहिलं, तिला तळटीप आठवली आणि तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

महिन्याभराने मुख्य कार्यालयातले साहेब कौतुकाला आले.

"चाळीस जण, प्रत्येकी बावीस हजार. एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. याला म्हणतात शिस्त."

सिस्टरला राहवलं नाही. "साहेब, बीपी कुणाचंच उतरलेलं नाही. सगळी यंत्रं समोरच्या शिंप्याच्या पायाला आहेत."

साहेबांनी कागदावर गुणाकार केला. "म्हणजे हा माणूस एकटा रोज आठ लाख ऐंशी हजार पावलं चालतो? आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

शिंप्याचा जागीच सत्कार झाला. इतकं चालणाऱ्याच्या पायांना विश्रांती हवी, म्हणून त्याला शिलाई मशीनची मोटर भेट मिळाली.

दुसऱ्या दिवसापासून चाळीसही आकडे शून्यावर आले. सलग तीन दिवस शून्य दिसल्यावर संगणकाने नियमानुसार चाळीसही पेशंट मयत दाखवले, आणि मयतांना गोळ्या देण्याची तरतूद नव्हती. जिवंत असल्यास स्वतः चालत मुख्य कार्यालयात हजर राहावं, असं पत्र आलं.

सिस्टरला बरंच वाटलं. निदान आता तरी ही माणसं चालतील.

"आई, उठा. दोनच किलोमीटर आहे."

"दोन?" सासूबाई उशी सारखी करत म्हणाल्या. "त्यापेक्षा त्या शिंप्याला मोटर काढायला सांग. एकट्याला आराम आणि बाकीच्यांचा जीव टांगणीला, हा कुठला न्याय? आणि जाता जाता मला पाणी दे. पंखाही वाढव."

सिस्टरने पाणी दिलं, पंखा वाढवला आणि ती शिंप्याकडे गेली. बिचाऱ्याने मोटर काढली. संध्याकाळपर्यंत चाळीसही जण संगणकात जिवंत झाले, गोळ्या आल्या, आणि कार्यक्रम यशस्वी झाल्याचा अहवाल वर गेला.

तुम्हाला हसू आलं असेल, तर एवढंच सांगा. आज शेवटचा पाण्याचा ग्लास तुम्ही उठून घेतलात, की आतल्या खोलीकडे बघून कुणाला तरी हाक मारलीत?