मन्मथअप्पांचा जावई

मन्मथअप्पांचा दिवस जावयाला शिव्या घालून सुरू व्हायचा. "आला का रं भाड्या! सासऱ्याच्या जिवावर लई माजलास!"

लातूर नवा जिल्हा झाला आणि तीनेक वर्षांनी तिथल्या कचेरीत माझी नांदेडहून बदली झाली. अप्पा माझे घरमालक. पुढं त्यांचं भुसार दुकान, मागं अंगण, अंगणाच्या कडेला माझी खोली. पहिल्या सकाळी ती आरडाओरड ऐकून मी बाहेर आलो. म्हटलं, घरात भांडण पेटलंय. बघतो तर काय, पत्र्यावर एक दांडगा काळतोंड्या हुप्प्या वानर अप्पांच्या पोत्यातल्या शेंगा निवांत सोलत बसलेला!

"अहो, वानराला जावई काय म्हणता?"

"मग काय म्हणू? न बोलावता येतो, पोट फुटंस्तोर खातो, वर रुबाब करतो, आन् बोलायची सोय न्हाई. तुमीच सांगा साहेब, आसं आजून कोण आसतं?"

मी स्वतः कुणाचा तरी जावई. तोंड धुवायला निघून गेलो.

त्या साली श्रावण दोन आले, पाऊस एकातही आला नाही. रानातले पाणवठे आटले तसा हुप्प्या सगळा कबिला घेऊन गल्लीत उतरला. मी गोदाकाठचा माणूस, पाणी जपून वापरायची सवय कुठली? इथं टँकरमागं धावून भरलेली घागर हुप्प्यानं लवंडली, तेव्हा मला रडूच यायचं बाकी राहिलं. कुणी म्हणालं, "जाऊ द्या, मारुतीरायाचं रूप हाय." अप्पा गळ्यातलं लिंग दाखवून म्हणाले, "आमी म्हादेवाचे. मारुतीची भीड मला न्हाई!"

शेवटी गल्लीनं वानरं पकडणाऱ्याला बोलावलं. सगळा कबिला खाली उतरायचा तो फक्त अप्पांच्या अंगणात, म्हणून पिंजरा तिथंच ठेवायचं ठरलं. अप्पाही "हाव, ठेवा" म्हणाले. सगळ्यांत मोठी तक्रार त्यांचीच होती ना!

पिंजरा आला. अप्पांच्या बायकोनं, गिरिजाकाकूंनी, पकडणाऱ्याला विचारलं, "कुठं सोडणार ह्यांना?"

"लांब, माळावर."

"तिथं पाणी हाय का?"

"ते काय ठावं, बाई."

अप्पांनी हे ऐकलं. धोतर सावरत आले आणि चक्क पिंजऱ्याच्या तोंडाशी मांडी घालून बसले. "न्यायचा तुमचा पिंजरा."

"अप्पा, रोज बोंबलता तर तुमीच!"

"जावयाच्या नावानं बोंबलायचा हक्क सासऱ्याचा हाय. गल्लीचा न्हाई. आन् धोंड्याच्या महिन्यात जावई धरून देतेत का कुठं?"

धोंडा म्हणजे आमच्याकडं अधिक महिना. घरोघरी जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, आहेर करायचा. त्या दिवशी गल्लीत पाच घरी जावई जेवत होते. लोक हसले, चिडले, अखेर पिंजरा उचलून गेले.

दुपारी काकू चुलीपाशी पुरण भरत होत्या. मी आपलं सहज विचारलं, "जावई येणारेत?"

त्यांचा हात थांबला. "आमाला लेकरूच झालं न्हाई, भाऊ. दर धोंड्याला हे दुकान बंद करून कपिलधारला देवदर्शनाला निघून जातेत. घरोघरचे जावई जेवताना बघवत न्हाईत त्यांना. अवंदा म्हणाले, थांबू."

चुटपुट लागली जिवाला.

तेवढ्यात वर पत्रा वाजला. अप्पा ताट घेऊन चढले होते. ताटात तुपातले धोंडे, शेजारी आपल्या अंघोळीचं वाचवलेलं पाणी परातीत, आणि घडी न मोडलेला नवा टॉवेल. ताट ठेवून ते चार हात लांब बसले. हुप्प्या आला. आधी पोटभर पाणी प्याला, मग धोंडे खाल्ले. अप्पांनी आज एकही शिवी घातली नाही. जाताना त्यानं तो टॉवेल उचलला, खांद्यावर घेतला आणि अंगणातल्या कडुलिंबावर उडी मारली.

"अगं गिरिजा!" अप्पा वरून ओरडले. "आहेर घेतला गं! घेतला त्यानं!"