डॉलरला हळदकुंकू

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी पर्चेसमध्ये आहे. बावीस वर्षं. कारखान्यात साधा नटबोल्ट आणायचा झाला तरी माझ्या टेबलावर तीन कोटेशनं येतात, मी तिन्ही पाडतो आणि चौथ्याकडून माल घेतो. तेव्हा ब्युनोस आयर्सला जायचं ठरलं, त्याच दिवशी मी घरात जाहीर करून टाकलं, "राहणं, पैसे, फिरणं, सगळं खातं माझ्याकडे. कुणीही मध्ये पडायचं नाही!"

"मीपण नाही?" श्रद्धानं विचारलं.

श्रद्धा माझी बायको. कोथरूडच्या एका क्लासमध्ये सतरा वर्षं स्पॅनिश शिकवते. तिच्या हाताखालून गेलेली मुलं माद्रिदला नोकऱ्या करतात, मेक्सिकोत लग्नं करतात, पेरूहून बाईंसाठी लोकरीच्या कानटोप्या पाठवतात. त्या आमच्या वारज्याच्या उकाड्यात कुठे घालायच्या, हा प्रश्न वेगळा. आणि ही बाई स्वतः स्पॅनिश बोलणाऱ्या एकाही देशात कधी गेली नव्हती. दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी फ्लॅटचा हप्ता, कधी माझ्या वडिलांचं आजारपण, कधी लेकीची बारावी. यंदा लेक होस्टेलला गेली, हप्ते संपले, आणि मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. जानेवारीतली तिकिटं काढून मोकळा झालो. रद्द केली तर दमडी परत मिळणार नाही अशी, कारण तीच सर्वांत स्वस्त होती.

श्रद्धानं तिकिटं दोनदा वाचली. मग म्हणाली, "तिथे सगळेच बोलत असतील ना रे? रस्त्यावर, दुकानात. परीक्षा नसताना."

मला एकदम भरून आलं. म्हटलं, "तू फक्त बोल. बाकीचं मी बघतो."

झालं! त्या दिवसापासून मी आणि माझी एक्सेल शीट. नऊ टॅब केले. फिरण्याच्या टॅबमध्ये वीस दिवसांचं वेळापत्रक, अर्ध्या-अर्ध्या तासाचं. सकाळी नऊला टँगोचा वर्ग, साडेअकराला संग्रहालय, साडेबाराला जेवण, पाचला बोटीची चक्कर, साडेसातला रात्रीचं जेवण.

"योगेश, तिथे लोक रात्री दहाला जेवतात," श्रद्धा म्हणाली.

"त्यांना पित्त होत असेल. आपण साडेसातलाच जेवायचं."

"साडेसातला हॉटेलं उघडलेलीच नसतात."

"आधी फोन करून सांगू."

ती हसली आणि वह्या तपासायला गेली. मी तो टॅब मंजूर धरला.

राहण्यासाठी अर्थातच तीन कोटेशनं. एक हॉटेल, एक होस्टेल आणि एक ग्रासिएलाबाईंचा फ्लॅट. सत्तरीच्या बाई, खाली स्वतः राहतात, वरच्या दोन खोल्या भाड्यानं देतात. गच्ची, स्वयंपाकघर, खाली बेकरी. मी फोनवरच्या भाषांतराच्या अॅपमधून बाईंशी वाटाघाटी सुरू केल्या. श्रद्धा दोनदा म्हणाली, "मी लिहू का रे तिला?"

"नको. तू गोड बोलतेस, त्यानं भाव चढतो."

घरात स्पॅनिशची शिक्षिका बसलेली आणि मी बाल्कनीत उभा राहून अॅपला मराठीतून दटावतोय, हे दृश्य समोरच्या इमारतीतल्या लोकांनी तीन आठवडे पाहिलं. पण शेवटी बाई वाकल्या. कार्डानं दिले तर पूर्ण भाडं, रोख डॉलर दिले तर दहा टक्के कमी. मी रोख म्हणालो. मग त्यांनी अट घातली. नोटा शंभराच्या, नव्या आणि कोऱ्या हव्यात. दुमडलेल्या, मळक्या, शाईचा ठिपका पडलेल्या नोटा तिथे कुणी बदलून देत नाही. आधीच्या पाहुण्यांनी त्यांना तसल्या नोटा चिकटवल्या होत्या, म्हणून प्रत्येक नोटेचा फोटो आधी पाठवायचा. फोटो बघून त्या आमच्या नावाचं राहण्याचं पत्र देणार. आणि ते पत्र व्हिसाच्या फायलीत लागणार. मुंबईची व्हिसाची तारीख मिळाली होती दिवाळीनंतरच्या सोमवारची.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी लक्ष्मी रोडजवळच्या एका परकीय चलनवाल्याकडून बारा नोटा आणल्या. त्याचं नाव संजय. इतक्या कोऱ्या नोटा, की एक दुसरीला चिकटत होती. मी त्या कडक पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये घातल्या. घरात ताकीद दिली, "ह्यांना घडी पडता कामा नये."

आता इथून पुढे लक्ष देऊन वाचा, कारण चूक कुणाची यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

मंगळवारी लक्ष्मीपूजन. चौरंगावर दागिने, चांदीची नाणी, बँकेची पासबुकं, केरसुणी, बत्तासे, सगळं मांडलेलं. माझ्या मनात आलं, एवढी बाराशे डॉलरची लक्ष्मी घरात असताना तिला कपाटात कोंडून ठेवायचं? मी फोल्डर आणला, ऐटीत चौरंगावर ठेवला आणि आईला म्हणालो, "आई, यंदाची लक्ष्मी परदेशी आहे बरं का. नीट पूजा कर."

माझी आई मुक्ताई, वय अठ्ठ्याहत्तर. तिला नीट कर म्हटलं, की ती नीटच करते. आरती झाली, मी आणि श्रद्धा खाली रांगोळी बघायला गेलो. वर आलो तेव्हा फोल्डर जिथल्या तिथे. मी तो कपाटात ठेवला.

भाऊबीजेला सकाळी म्हटलं, फोटो काढून टाकू. फोल्डर उघडला. पहिल्या नोटेवर, बरोब्बर त्या गोऱ्या गृहस्थांच्या कपाळावर, हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट. ओलं लावून सुकलेलं. दुसऱ्या नोटेवर तेच. तिसऱ्या. चौथ्या. बाराच्या बारा!

"आई!"

"काय रे?"

"हे काय केलंस?"

"पूजा. तूच म्हणालास ना, नीट कर."

"अगं, फोल्डरला लावायचं! एखाद्या नोटेला लावायचं!"

"एकीला लावायचं आणि अकरा जणींना नाही? घरी आलेल्या सवाष्णींत असं करतात का कुणी?" आई म्हणाली. "आणि बघ, एकीलासुद्धा घडी पडू दिली नाही."

घडीबद्दलच मी सांगितलं होतं.

मी ठरवलं, श्रद्धाला कळायच्या आत निस्तरायचं. ती माहेरी ओवाळायला गेली होती. आधी खोडरबर घेतला. कुंकू पसरलं आणि गृहस्थांच्या डोळ्यापर्यंत आलं. मग कापसाला थोडं साबणाचं पाणी लावलं आणि हळदीवरून हळूच फिरवलं. ज्या घरात रोज हळदीचे डाग पडतात, त्या घरात मी सत्तेचाळीस वर्षं वाढलो, तरी साबण लागला की हळद लाल होते हे मला त्या क्षणी आठवू नये? आधी एक लाल ठिपका होता, आता दोन झाले. आणि घाबरून मी सगळ्याच नोटांवरून कापूस फिरवून बसलो होतो.

शुक्रवारी संजयकडे गेलो. त्यानं एक नोट उजेडात धरली, उलटी केली, वासही घेतला.

"पूजा छान झालीय," तो म्हणाला.

"आईनं केलीय. बदलून देता का?"

"नाही."

"अहो, तुमच्याकडूनच घेतल्यात."

"मी दिल्या तेव्हा ह्यांचा साखरपुडा झालेला नव्हता. दिवाळी झाल्यापासून तुम्ही चौथे. बारा टक्के कापून परत घेईन, तेही तुमच्या आईंकडे बघून. नव्या नोटा पुढच्या आठवड्यात येतील, आल्या तर."

पुढच्या आठवड्यात! आणि सोमवारी व्हिसा. दहा टक्के वाचवायला निघालो होतो आणि बारा टक्के द्यायची पाळी आली. हिशेब कुणीही करावा, मी केला नाही.

शनिवारी दुपारी मी शेवटची युक्ती काढली. प्रत्येक नोट हातात धरायची, अंगठा बरोबर डागांवर ठेवायचा आणि फोटो काढायचा. बारा फोटो, बारा अंगठे. बाईंना पाठवून दिले.

साडेपाचला उत्तर आलं. "अंगठा काढा."

मी लिहिलं, सवय आहे. त्यांनी पुन्हा लिहिलं, अंगठा काढा. काढला. काय करतो?

मग एक लांबलचक मेसेज आला. बँकेचं यंत्र फोडलं की नोटांवर लाल शाई उडते, हे त्यांनी बातम्यांत बघितलं होतं. बाराही नोटांवर एकाच जागी लाल डाग, आणि ते लपवणारा माणूस! त्या एकट्या राहतात, त्यांना असल्या भानगडीत पडायचं नाही.

मी घाईघाईनं खुलासा पाठवला. शाई नाही हो, ती लाल पूड आहे. माझ्या आईनं अमावास्येच्या संध्याकाळी देवीला प्रसन्न करण्यासाठी लावली. अक्षरन् अक्षर खरं. पण पाठवल्यावर मी तो पुन्हा वाचला आणि माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. बाईंनी बुकिंग रद्द केलं आणि मला ब्लॉक केलं.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. श्रद्धा स्वयंपाकघराच्या टेबलाशी वह्या तपासत होती. मी सगळं सांगितलं. अंगठ्यासकट.

ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "म्हणजे पत्र नाही. पत्र नाही म्हणजे व्हिसा नाही."

"दुसरं कोटेशन आहे की. हॉटेल..."

"त्या हॉटेलचा भाव तू पाडत होतास. शेवटी त्यांनी उत्तर देणं बंद केलं. होस्टेलनंही. तूच कौतुकानं सांगितलं होतंस." ती खिडकीबाहेर बघायला लागली. "सतरा वर्षं मी पोरांकडून घोकून घेते, पुढच्या वर्षी मी ब्युनोस आयर्सला जाईन. भविष्यकाळ शिकवायला ते वाक्य बरं पडतं. जाऊ दे. मला वाटलं होतंच, काहीतरी निघेल."

हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की मला माझी लाज वाटली. खरंच वाटली. पर्चेसमध्ये बावीस वर्षं काढून ही वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

आई दारात उभी राहून ऐकत होती. "श्रद्धा, त्या बाईला फोन लाव," ती म्हणाली. "मी लावलंय ना कुंकू, मी सांगते तिला. तोंड दिसतं तसला लाव."

"आई, तिनं मला ब्लॉक केलंय," मी म्हणालो.

"तुला केलंय. हिला कुठे केलंय?"

साडेसहा वाजले होते, म्हणजे तिकडे सकाळचे दहा. श्रद्धानं स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे पांढऱ्या केसांच्या, कपाळाला आठ्या घातलेल्या एक बाई दिसल्या. श्रद्धा बोलायला लागली. पहिलं वाक्य अडखळली, दुसरं सावरलं, तिसऱ्यानंतर ती मला ओळखू येईना. ही बाई हातवारे करते हे मला लग्नाच्या बाविसाव्या वर्षी कळलं.

आईनं मध्येच करंडा आणला, कॅमेऱ्यासमोर धरला, स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवलं, मग श्रद्धाच्या कपाळाला लावून दाखवलं. पलीकडच्या बाई चष्मा चढवून बघत राहिल्या. मग आईनं नोटेवरच्या गृहस्थांच्या कपाळाकडे बोट दाखवलं. ग्रासिएलाबाई जोरात हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्या आणि श्रद्धा चाळीस मिनिटं बोलत होत्या. मला त्यात फक्त 'सी, सी', म्हणजे 'हो, हो', एवढंच कळलं. एकदा माझ्याकडे बघून दोघी हसल्या, तेवढं कळलं नाही तरी समजलं.

फोन ठेवून श्रद्धा वळली. गाल लाल झाले होते तिचे. "योगेश, सहा चुका काढल्या तिनं माझ्या! सहा! सतरा वर्षांत माझी चूक काढणारं कुणी भेटलंच नव्हतं रे."

"अगं, पण पत्र?"

"उद्या पाठवतेय. पैसे कार्डानं द्यायचे, तिथे गेल्यावर. आणि पंधरा टक्के कमी केलेत."

"पंधरा?" मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "काय बोललीस तू? कसे पाडलेस?"

"मी मागितलेच नाहीत. ती म्हणाली, रोज संध्याकाळी खाली येऊन गप्पा मार, तिला सोबत होईल. जेवणही तिच्याकडेच. दहा वाजता."

"आणि माझं वेळापत्रक?"

"ते मी तिला सांगितलं. म्हणूनच चष्मा काढला तिनं दुसऱ्यांदा." श्रद्धा वह्या गोळा करायला लागली. "एकच अट आहे तिची. ह्यापुढे तू तिला मेसेज करायचा नाहीस."

अट मी मान्य केली. कुठलीही सूट न मागता.

सोमवारी मुंबईला व्हिसाच्या खिडकीवर आमची फाइल गेली. आतल्या बाईंनी ग्रासिएलाबाईंचं पत्र वाचलं. साधं पत्र असायला हवं होतं, पण दोन पानी होतं. ते वाचून त्या हसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "छान व्यवस्था केलीय. ट्रिपचं सगळं प्लॅनिंग तुमचंच का?"

मी तोंड उघडलं. शेजारी श्रद्धा उभी होती.

"ह्यांचं," मी म्हणालो. "मी नुसती फाइल धरलीय."