धूर : किरकोळ

आमच्या कक्षाबद्दल लोक तोंडाला येईल ते बोलतात, म्हणून हे प्रकरण मी पहिल्या कागदापासून सांगतो. कक्षाचं नाव 'सेवाजन्य आजार भरपाई कक्ष'. अग्निशमन दलातल्या किंवा पोलिसातल्या माणसाला नोकरीमुळे आजार झाला तर त्याने आमच्याकडे अर्ज करायचा आणि आजार नोकरीमुळेच झाला का, हे आम्ही ठरवायचं. गेल्या सात वर्षांत एकालाही नोकरीमुळे आजार झालेला नाही. यावरून या नोकऱ्या किती आरोग्यदायी आहेत ते समजावं. मी स्वतः या कक्षात लिपिक आहे.

अर्जदार आगीच्या बंबावरचे. सगळे त्यांना काका म्हणतात. बावीस वर्षं आगी विझवून त्यांची दोन्ही फुप्फुसं कामातून गेली होती. घरी प्राणवायूचं यंत्र हवं होतं. अर्ज मंजूर झाला तर यंत्र मिळणार, नाहीतर नाही.

अर्जातला पहिला रकाना 'घटनेचा दिनांक व वेळ'. काकांनी त्यात लिहिलं होतं, 'बावीस वर्षे'. मी अर्ज परत केला.

"काका, एक आग सांगा. आजार कोणत्या आगीत झाला?"

"सगळ्यांत थोडा थोडा... झाला असणार, साहेब." बोलता बोलता ते थांबून श्वास घेत.

"थोडा थोडा चालत नाही. रकाना एकच आहे."

यात आम्ही कुणावर राग काढत नाही. त्यांच्या आधी एक वाहतूक हवालदार आले होते. चौकातल्या हॉर्नमुळे त्यांचे कान गेले होते. आम्ही त्यांनाही एवढंच विचारलं, की कोणत्या गाडीचा हॉर्न? गाडीचा नंबर त्यांना देता आला नाही. खरं तर प्रश्नच त्यांना ऐकू आला नाही, तशी नोंद मी केली.

शेवटी काकांनी रंगाच्या गोदामाची आग निवडली. तीन दिवस धुमसत होती म्हणे. मी दलाकडून तिचा अहवाल मागवला. त्यात स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'धुराचे स्वरूप : किरकोळ'. मग मी बावीस वर्षांचे सगळे अहवाल मागवले. सगळीकडे धूर किरकोळ, आणि अक्षर तेच.

"काका, हे कुणी लिहिलं?"

"मीच. केंद्रात माझंच अक्षर बरं... म्हणून सगळे मलाच बसवायचे."

"मग किरकोळ का?"

"'तीव्र' लिहिलं की जोडपत्र भरावं लागतं, साहेब. तीन प्रती. धूर कुठून आला, किती आला, मास्क का पुरले नाहीत... मास्क पुरले नाहीत म्हटलं की मोठे साहेब भडकायचे. पहिल्याच दिवशी जुन्या माणसांनी सांगितलं होतं, किरकोळ लिही आणि अंघोळीला जा."

शेजारी काकू बसल्या होत्या. त्यांचा तोल गेला. "अहो, मला तरी विचारायचं! कपडे मी धूत होते. बादलीत पाणी डांबरासारखं काळं व्हायचं!"

"बादलीची नोंद आमच्याकडे नाही, काकू," मी नम्रपणे सांगितलं.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, मी काही दगड नाही. रात्रंदिवस नियम चाळले आणि पळवाट शोधून काढली. आगीतून वाचवलेल्या एका जरी नागरिकाने 'धूर तीव्र होता' असं लिहून दिलं तर त्या आगीचा अहवाल दुरुस्त करता येतो, आणि मग रकान्यात तीच आग चालते. पाच पत्ते मीच काढून दिले. सही अर्जदारासमक्ष हवी, म्हणून काकांना स्वतः जाणं भाग होतं. काकूंनी मला हात जोडले.

गोदामाचा मालक म्हणाला, "काका, धूर जास्त म्हटलं की माल परवान्यापेक्षा जास्त होता हेही निघेल. झालं गेलं गंगेला मिळालं, आता कशाला उकरायचं?" दुसऱ्याने घर विकायला काढलं होतं आणि आग लागली होती हे त्याने गिऱ्हाइकाला सांगितलेलंच नव्हतं. तिसरी एक म्हातारी. तिला काकांनी पाठीवरून उतरवलं होतं. ती काकांच्या गळ्यात पडून रडली आणि तिने लगेच सही केली. पण अहवालात ती बेशुद्ध होती. बेशुद्ध माणसाला धूर किती होता हे कळू शकत नाही, त्यामुळे ती सही मला नाइलाजाने बाद करावी लागली. चौथ्याने काकांसोबत फोटो काढून घेतला आणि वकिलाला विचारून कळवतो म्हणाला.

पाचवा पत्ता तुमचा होता.

लिफ्ट बंद होती. तीन मजले चढायला काकांना पाऊण तास लागला. प्रत्येक वळणावर काकू पायरीवर वर्तमानपत्र अंथरून त्यांना बसवत होत्या. याच जिन्यावरून काकांनी तुमच्या मुलीला स्वतःचा मास्क लावून खाली आणलं होतं. तेही अहवालात नाही. हे सगळं मला काकूंनी नंतर सांगितलं, यंत्र आता लागणार नाही, अर्ज बंद करा म्हणून सांगायला त्या एकट्याच आल्या तेव्हा.

काकांनी बेल वाजवली. तुम्ही दाराच्या भिंगातून पाहिलंत.

"कोण?"

"बंबावरचे... काका."

"आज नाही लागली आमच्याकडे आग," तुम्ही आतूनच म्हणालात.