भिंत माझी, रेटा त्याचा

एसटी पौडच्या स्वागत कमानीजवळ आली की उस्मानभाई कंडक्टरला सांगायचा, "जरा थांबीव." गाडी थांबायची. तो उतरायचा, पायजमा वर धरून बाजूच्या गटारातून पलीकडे जायचा, आणि कमानीखालून पुढे आलेल्या त्याच गाडीत पुन्हा चढायचा. स्टँड तिथून हाकेच्या अंतरावर. एका नव्या कंडक्टरने विचारलं, "चाचा, उतरलाच होता तर चालतच का नाही गेला?"

"तिकीट स्टँडपत्तुर काढलंय," उस्मानभाई म्हणाला.

त्या कमानीखालून तो जात नसे. त्याच्या मते ती कमान नव्हतीच. "सळया वाकवून वर शिमिट थापलंय. कमानीत दोनी बाजूच्या इटा येकमेकींवर पडायला बघत्यात आन मदली चावी त्यास्नी पडू देत न्हाई. हिला चावी कुटं हाय? येत्या दिवाळीला खाली बसती का न्हाई बगा." अशा पुष्कळ दिवाळ्या गेल्या. कमान बसली नाही. तिच्यावर वाढदिवसांचे फ्लेक्स लागतात, उतरतात, पुन्हा लागतात. उस्मानभाई गटारातूनच जातो. लग्नाच्या मांडवाला फुलांची कमान असली तर हा कनात उचलून आचाऱ्यांच्या बाजूने आत शिरतो आणि वरून नवऱ्या मुलाच्या बापाला जाऊन सांगतो, "जेवन झाक झालंय, कमान तेवडी खोटी हाय."

हा माझा शेजारी. मी कोळवणहून रिकाम्या हाताने आलो. आधी दुसऱ्याची वाळू डोक्यावर वाहिली, मग स्वतःची विकली. आता माझं सिमेंट, पत्रे आणि टाइल्सचं दुकान आहे. भाव करण्यात तालुक्यात मला कोणी हरवलेलं नाही. पुण्याहून फार्महाउस बांधायला येणारे गाडीतून उतरतात तेव्हाच मला कळतं, हा कितीवर थांबणार. एका उस्मानपुढे माझं काही चाललं नाही. कारण तो भाव करतच नाही. नाही म्हणतो आणि बिडी पेटवतो.

त्याची बेकरी आणि माझं दुकान यांच्यात एकच भिंत. दगडमातीची, जुनी, हातभर जाड. मोजणी करून घेतली आहे. भिंत माझी आहे. भिंतीच्या पलीकडे त्याची भट्टी, त्याच्या बापाने विटांनी बांधलेली, खोलीएवढी लांब आणि माणूस वाकून शिरेल एवढी बुटकी. तिचं छप्पर म्हणजे एका कमानीला चिकटून दुसरी, तिला चिकटून तिसरी, अशी कमानींची ओळ. त्याला तो लदाव म्हणतो. भट्टी दाखवायला लागला की लोक नातेवाइकांची ओळख करून देतात तसं प्रत्येक भागावर थाप मारून सांगणार. "हे पाय. पायावर हा खांदा. ह्ये आतलं पोट. वरनं पाठ. आन ही चावी." चावीच्या विटेला मात्र थाप नाही, नुसता हात लावायचा.

माणसांनाही त्याने हीच नावं दिली होती. पुढारी आले की म्हणायचा, "गिलावा आला." स्टँडवरची चहावाली बाई खांदा, कारण घर तिच्यावर. स्वतःचा जावई 'भर', म्हणजे खांद्यावर टाकतात तो दगडगोट्यांचा भराव. मला तो रेटा म्हणायचा. कमान दोन्ही बाजूंच्या भिंतींना सतत बाहेर ढकलत असते, त्या ढकलण्याला रेटा म्हणतात. "ह्यो बबनशेट तसाच. झोपंत बी कुनाला तरी ढकलत आसंल."

एकदा माझ्या आईने त्याला विचारलं, "मग मी कोन रं उस्मान, तुज्या कमानीत?" त्याला पटकन काही सुचलं नाही. असं मी त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तो म्हणाला, "मावशी, तुमी कमानीत न्हाई. तुमी भित. कमान भितीच्या जिवावर बसलेली आसती." आई दिवसभर खूश. मला वाटलं, बुढ्ढा लोणी लावतोय.

कारण भांडण भिंतीवरूनच होतं. मला जुनं दुकान पाडून कॉलम उभे करायचे होते. खाली शोरूम, वर भाड्याच्या खोल्या. नकाशा झाला, परवानगी आली, माणसं घण घेऊन आली. पहिला घण बसायच्या आत उस्मानभाई बेकरीतून स्टूल घेऊन आला आणि त्या भिंतीला पाठ लावून बसला. हातात चहाचा ग्लास.

"उठ," मी म्हणालो.

"न्हाई."

"भिंत कुणाची?"

"तुजी."

"मग?"

"भित तुजी, पर रेटा माजा. ही काडली की माजा लदाव पाय फाकवून खाली बसंल."

"तुझ्या बाजूने तुला नवी भिंत बांधून देतो. माझ्या खर्चानं."

"जागा कुटं हाय? पाव काडायचं लांब फावडं फिरवायचं का भितीला मिठी मारायची?"

"मग बेकरीच दे मला. बोल, काय घेणार?"

"बिडी हाय का?" तो म्हणाला.

मी तापट माणूस आहे. त्या दिवशी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. भर रस्त्यात बोललो. त्याने चहा संपवला, ग्लास स्टुलाखाली ठेवला आणि बसून राहिला. घणवाले मजूर हिंदीत आपसात हसत होते. दुपारी ते दुसऱ्या कामावर निघून गेले. पुन्हा आणले तेव्हा हा पुन्हा स्टूल घेऊन हजर. रस्त्यापलीकडच्या दुकानदाराने माझ्या डोळ्यांदेखत दोन मजले चढवले, शटर रंगवलं, खोल्या भरल्या. मी मात्र गळक्या पत्र्याखाली टाइल्स विकतोय. ही गोष्ट मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

आईसुद्धा त्याच्याच बाजूची. दुकानामागच्या खोलीत तिची खाट त्याच भिंतीला लावलेली. मुळशीच्या खोऱ्यातली थंडी तिच्या गुडघ्यांत उतरली होती. भट्टीच्या धगीने भिंत रात्रंदिवस उबदार असायची. आई पाठ लावून बसायची, रात्री कूस वळवून गुडघे टेकवायची. "इथं हीटर आणतो," मी म्हणायचो. "त्यो उजेड करतोय, ऊब न्हाई," ती म्हणायची. उस्मान रोज संध्याकाळी कागदात दोन नानकटाया घेऊन यायचा. ती चहात बुडवून खायची आणि दोघं मिळून मला नावं ठेवायची. मी बाहेर गल्ल्यावर बसून ऐकायचो. भांडणानंतर मी त्याच्याशी बोलणं आणि त्याचा पाव, दोन्ही बंद केले होते. त्याच्या बेकरीची पायरीही चढलो नव्हतो. धुराडं रोज धूर सोडायचं ते मात्र दिसायचं. म्हणजे धंदा जोरात असणार. मी मनात जळायचो.

पौषात आई गेली. पहाटे चहा घेऊन गेलो, तर गुडघे भिंतीला टेकलेले आणि ती गार. भिंत गरमच होती.

तिरडी उचलली तेव्हा मागचा एक खांदा उस्मानभाईने घेतला. कोणी विचारलं नाही, त्यानेही विचारलं नाही. स्मशान नदीकडे, रस्ता स्वागत कमानीखालून. कमान जवळ आली तसा मी पुढून मान वळवून पाहिलं. आता हा खांदा सोडणार, गटारात उतरणार, आणि सगळ्या गावादेखत तिरडी डगमगणार. आईच्या शेवटच्या वाटेवरही ह्याचा तमाशा. माझ्या तोंडात शिवी तयार होती.

तो कमानीखालून गेला. वर पाहिलं नाही. चाल मोडली नाही. वर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स वाऱ्यावर फडफडत होता.

परत येताना माणसं पांगली होती. उस्मानभाई माझ्यापुढे एकटाच चालत होता. कमान आली तसा त्याने पायजमा वर धरला आणि गटारातून गेला.

दहावं झालं त्या संध्याकाळी मी आईच्या खोलीत खाटेवर बसलो. पाठ भिंतीला टेकली आणि दचकलो. भिंत थंड होती. मी इथे आल्यापासून ती कधी थंड नव्हती. बाहेर येऊन पाहिलं, तर धुराडं रिकामं.

मी बेकरीत गेलो. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच. आत पिठाचा वास नव्हता. पावाचे पत्रे भिंतीशी उपडे रचलेले, गंजलेले. पीठ मळायच्या लाकडी कुंडात कोरडी धूळ. कोपऱ्यात फक्त लाकूड, छातीएवढं रचलेलं. फळीवर नानकटाईची रिकामी पाकिटं पडली होती, पुण्याच्या कुठल्याशा कंपनीची.

"पाव कधी बंद केलास?"

"झालं की लई दीस. रिसॉर्टवाले पुन्यास्नं आनत्यात, पोरं पाकिटातला खात्यात. कुनाला करू?"

"मग रोज जाळत काय होतास?"

"लाकूड."

"उस्मान, मी मस्करी करत नाहीये."

त्याने भट्टीच्या तोंडात हात घातला, आतली राख चाचपली. "लदाव थंड पडला की त्येला चीर जाती. मग समदं हळू हळू निसटतं. म्हनून पेटती ठिवायची."

"आता नाही का जाणार चीर?"

त्याने बॅटरी घेतली. वाकून आत शिरला. बॅटरीच्या उजेडात मला त्याचा हात दिसत होता. पाय, खांदा, पोट. नावं मोठ्याने घेत नव्हता, ओठ तेवढे हलत होते. बाहेर आला तेव्हा डोक्याला काजळी लागली होती.

"पाड तुजी भित," तो म्हणाला. "आदी मला आत लाकडाचा साचा लावू दे. लदाव त्याच्यावर टेकला की मी इटा उतरून घेतो. चावी पयली. मंग तू घाल घन."

भाव करणाऱ्या माणसाला कळतं, समोरचा खरोखर सोडतोय की नुसतं दाखवतोय. हा सोडत होता. जे मला इतके दिवस पाहिजे होतं ते हातात येत होतं, फुकट, आणि मला त्यात काहीतरी खोट दिसत होती. असा सौदा मी घेत नाही.

"साचा-बिचा नंतर बघू," मी म्हणालो. "आधी माझं ऐक. तुझी भट्टी बंद झाल्यापासून माझ्या सिमेंटला ओल धरतीय. गोण्या दगड व्हायला लागल्यात. ह्याला जबाबदार कोण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "शिमिट तर तू पुडच्या बाजूला ठिवतोस."

"कुठं ठेवायचं ते मी बघीन. भट्टी पेटव."

"लाकूड फुकट येतंय व्हय?"

"निम्मं मी देतो."

"समदं."

"निम्मं. धग निम्मीच येते माझ्याकडं."

"रेटा," तो म्हणाला. पण नेहमीसारखा जोर त्यात नव्हता, माझ्याही बोलण्यात नव्हता. आम्ही बराच वेळ ओढाताण केली. दोघांपैकी कोणालाच संपवायची घाई नव्हती.

मग त्याने बिडी कानावरून काढली, पेटवली नाही. भिंतीकडे बघत विचारलं, "मावशीची खाट हाय का आजून तितं?"

"आहे."

तो लाकडाच्या ढिगाकडे वळला आणि ओंडका उचलायला खाली वाकला.